अंतरिम बघू

कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्या बनवणाऱ्या एका सुस्थितीतील कंपनीकडे, सहामाही संपायला वीस दिवस उरले असताना, एक परिपत्रक आले. हिशेबाचे नवे मानक क्रमांक एकशे सतरा, 'शब्द आणि त्यांपासून उद्भवणारी दायित्वे', हे चालू सहामाहीच्या अंतरिम अहवालापासून आणि पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत असल्याचे त्यात कळवले होते. पूर्वलक्षी प्रभावाने म्हणजे, जो नियम कालपर्यंत जन्मालाच आला नव्हता तो आपण पहिल्यापासून पाळत होतो असे दाखवायचे. यात अवघड काही नाही. नोकरीच्या मुलाखतीत आपण सगळे तेच करतो.

कंपनीच्या लेखापालांनी परिपत्रक दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले आणि ते साहेबांच्या खोलीत गेले. त्यांच्या हातात दोन कागद होते. एक परिपत्रक आणि दुसरा रजेचा अर्ज. रजा आठ दिवसांची हवी होती, कारण त्यांच्या बायकोला समुद्र बघायचा होता. हा अर्ज ते अकरा वर्षे, वर्षातून दोनदा, नेमाने करत आले होते. सहामाहीच्या वेळी साहेब म्हणत, "सहामाही होऊ द्या, बघू." वर्षअखेरीला म्हणत, "वर्षअखेर होऊ द्या, बघू." घरी गेल्यावर बायको विचारी, "मिळाली का हो रजा?" त्यावर लेखापालही, शर्टाची बटणे काढता काढता, म्हणत, "बघू."

"मागच्या वेळी नवं मानक आलं, तेव्हा आपण काय केलं होतं?" साहेबांनी विचारले.

"अहवालात टीप टाकली होती. 'नव्या मानकाच्या परिणामांचे मूल्यमापन चालू आहे.'"

"छान टीप आहे. तीच टाका."

"ती आपण सलग सात अहवालांत टाकली, साहेब. सातव्या वेळी ते मानक रद्द झालं होतं, तरी आपलं मूल्यमापन चालूच होतं. या वेळी त्यांनी आकडा मागितलाय."

साहेबांना आकड्यांचा मनस्वी तिटकारा होता, म्हणून तर ते साहेब झाले होते. त्यांनी परिपत्रक बोटाने दूर सारले. खालून अर्ज दिसला.

"आणि हे काय?"

"रजा. आठ दिवस."

"हे एकदा पार पडू द्या," साहेब म्हणाले, "बघू."

मानकाचे एकूण दोनशे बारा परिच्छेद होते. त्यांतले दोनशे अकरा कुणालाच समजले नाहीत, त्यामुळे त्यांच्याविषयी मतभेद झाला नाही. घोटाळा केला तो चौथ्या परिच्छेदाने, कारण तो समजत होता. तो असा होता : 'जे ऐकून समोरची व्यक्ती दुसरी सोय करायची थांबते, ते वचन समजावे, मग ते लेखी असो, तोंडी असो, वा नुसती मान हलवून दिलेले असो. असे प्रत्येक वचन हे दायित्व होय.'

तातडीची बैठक बोलावली गेली. विक्रीप्रमुख सर्वांत आधी आले आणि सर्वांत मोठ्याने बोलले. बोलण्याच्या जोरावर बिजागऱ्या विकणारा गोड माणूस होता तो.

"आमच्या खात्यात वचनबिचन काही नसतं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक विचारतं, माल कधी मिळेल? आम्ही म्हणतो, बघू. संपला विषय."

"बघू म्हणजे काय?" लेखापालांनी विचारले.

"बघू म्हणजे नाही."

"मग नाही असंच का म्हणत नाही?"

"अहो, नाही म्हटलं तर तो दुसऱ्या दुकानात जाईल!"

"आणि बघू म्हटलं की?"

"थांबतो ना बिचारा. थांबावा म्हणून तर म्हणतो."

लेखापालांनी मान खाली घातली आणि वहीत लिहिले : 'बघू : वचन. दायित्व.'  साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "असं एकदम लिहू नका," ते म्हणाले, "यावर आपण सावकाश बघू." लेखापालांनी तोही बघू लिहून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खात्यात बघू-नोंदवही ठेवण्यात आली. कोण, कोणाला, कशाविषयी आणि कुठल्या स्वरात बघू म्हणाले, हे तीन प्रतींत लिहायचे होते. लवकरच वर्गवारीचा प्रश्न उभा राहिला. 'बघतो' हे वैयक्तिक ठरले आणि म्हणणाऱ्याच्या नावे पडले. 'बघूया' हे संयुक्त दायित्व ठरले, कारण त्यात ऐकणाऱ्यालाही गोवलेले असते. 'बघता येईल' याला कर्ताच नसल्याने ते कंपनीच्या नावे गेले. 'बघायला पाहिजे' कुणीच घेईना, तेव्हा त्याच्यासाठी 'इतर' असा रकाना पाडला. 'बघून घेईन' हे वचन नसून धमकी आहे, सबब ते कायदा विभागाकडे पाठवण्यात आले. 'बघू की!' यावर मात्र सबंध दुपार गेली. त्या 'की'ने मुदत कमी होते का वाढते, हे ठरेना. विक्रीप्रमुखांनी ते वीस वेगवेगळ्या स्वरांत म्हणून दाखवले आणि प्रत्येक वेळी लेखापालांना ते ऐकून वाट पाहावीशी वाटली.

पूर्वलक्षी प्रभाव असल्याने जुने बघूही शोधावे लागले. निवृत्त झालेल्यांना चहाला बोलावून आठवायला लावले. माणसांना स्वतः दिलेले शब्द अजिबात आठवत नव्हते. मिळालेले मात्र तारीखवार आठवत होते. एका माजी टंकलेखिकेने तिला पंखा देण्याविषयीचे बघू वर्षानुसार म्हणून दाखवले. विसाव्या दिवशी बेरीज झाली. कंपनी चार हजार तीनशे बारा बघू देणे लागत होती. एवढे दायित्व दाखवले तर कड्या, कोयंडे, इमारत आणि साहेब विकूनही ते फिटणार नव्हते.

मग लेखापरीक्षक बाई आल्या. या बाईंना हसताना कुणी पाहिले नव्हते, पण त्यांची कुणाविरुद्ध तक्रारही नव्हती. पावशेर वजनाची पेन्सिल वापरत असाव्यात असे त्यांचे लिहिणे होते. आकडा पाहून त्या म्हणाल्या, "दायित्व मिटवायचे दोन मार्ग आहेत. शब्द पाळायचा, किंवा स्पष्ट नाही म्हणायचं."

पहिला मार्ग ऐकून सगळे खळखळून हसले. दुसऱ्यासाठी प्रशिक्षण ठेवण्यात आले. सर्वांनी रांगेत उभे राहून फोनमध्ये 'नाही' म्हणायचे होते. निम्म्यांना 'न' जमला. विक्रीप्रमुखांनी डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाला चक्क सांगितले, "नाही!" पलीकडे शांतता झाली. ती त्यांना सोसवेना. "म्हणजे तसं अगदीच नाही असं नाही," ते घाईघाईने म्हणाले, "बघू की!" प्रशिक्षणाअखेर कंपनीचे दायित्व सदतीस बघूंनी वाढले.

साहेबांनी अन्नपाणी सोडायचे बाकी ठेवले होते. पण ऐन वेळी लेखापालांनाच युक्ती सुचली. "आपण जसे बघू दिलेत," ते म्हणाले, "तसे आपल्याला मिळालेही असतील. ते येणे धरू."

मग काय विचारता! घरमालक गळके छप्पर दुरुस्त करायचे बघू म्हणाला होता. पत्रा पुरवणारा चांगल्या पत्र्याचे बघू म्हणाला होता. निरनिराळ्या कचेऱ्यांतून परवान्यांबाबत मिळालेल्या बघूंनी तर दोन कपाटे भरली. ज्या कंपनीसाठी आजवर कुणीच काही केले नव्हते, ती या हिशेबाने भलतीच श्रीमंत निघाली. देणे आणि येणे समोरासमोर मांडले, एकातून एक वजा केले, आणि खाली फक्त बावीस उरले.

हे बावीसच्या बावीस बघू एकाच नावावर होते. लेखापालांच्या.

"ही रजा राहिली," लेखापरीक्षक बाई म्हणाल्या. "बाकी सगळं जुळतं. एवढं मिटवल्याशिवाय मी अहवालावर सही करणार नाही."

साहेबांनी लेखापालांकडे पाहिले. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. प्रशिक्षणाला ते स्वतः गेले नव्हते. "द्या इकडे तो अर्ज," असे म्हणून त्यांनी त्यावर 'मंजूर' लिहिले आणि सही केली. अकरा वर्षांत त्या अर्जाला लागलेली साहेबांची ती पहिलीच शाई. लेखापालांचे डोळे भरून आले.

बाईंनी अर्ज आपल्या फायलीत ठेवला. "पुष्टी आली की देते," त्या म्हणाल्या. "रजेचा अंतिम लाभार्थी कोण?"

"माझी बायको."

"मग त्यांच्याकडून शिल्लक-पुष्टी पत्र आणा. नियम आहे."

हे पत्र सगळ्या कंपन्या पाठवतात. आमच्या वहीत तुमचे इतके दिसते, तुमच्या वहीत किती दिसते ते लिहून सही करावी, एवढाच मजकूर. लेखापाल ते खिशात घालून उड्या मारत घरी निघाले. वाटेत त्यांनी उन्हासाठी रुंद काठाच्या दोन टोप्या विकत घेतल्या. एक स्वतःच्या डोक्यावर घालूनच ते घरात शिरले.

"अहो, हे काय ध्यान?" बायकोने विचारले.

"आधी हे वाच. बावीस बरोबर आहेत ना, तेवढं लिही आणि सही कर. सोमवारी निघतोय आपण!"

तिने हात पुसले, पत्र शांतपणे वाचले, पेन मागून घेतले आणि रकान्यात लिहिले : शून्य.

"अगं, बावीस! मी स्वतः मोजलेत."

"तुमच्या वहीत असतील. माझ्याकडे काही नाही. मी जाऊन आले."

"कुठे?"

"समुद्रावर. मागच्या वर्षअखेरीला. मी, ताई आणि शेजारच्या वहिनी. पाच दिवस."

"मला सांगितलं नाहीस?"

"फ्रिजवर चिठ्ठी लावली होती की. तुम्ही तिच्यावर 'पाहिले' असं लिहून सही केलीत. तारीखसुद्धा घातलीत."

तिने विजेच्या बिलांच्या फायलीतून चिठ्ठी काढून दाखवली. सही त्यांचीच होती आणि नेहमीसारखी सुवाच्य होती. लेखापाल खुर्चीवर बसले. त्यांना वाईट वाटले. फार वाईट वाटले.

"कसा होता?" टोपीचा काठ वर करत त्यांनी विचारले.

"समुद्र ना? मोठा होता." तिने चिठ्ठी परत फायलीत ठेवली. "पहिल्या दिवशी तुमची खूप आठवण आली. दुसऱ्या दिवशी मी पाण्यात गेले."

"शून्य लिहिलं तर कारण द्यावं लागतं," लेखापाल कसेबसे म्हणाले.

"त्यात काय," असे म्हणून तिने रकान्यापुढे लिहिले, 'दुसरी सोय केली', आणि सही करून ती दुधाखालचा गॅस बारीक करायला गेली.

दुसऱ्या दिवशी पत्र पाहताच लेखापरीक्षक बाई पहिल्यांदा हसल्या. दुसरी सोय झाली, म्हणजे चौथ्या परिच्छेदाप्रमाणे वचन उरले नाही. वचन नाही, म्हणजे दायित्व नाही. सबब बावीसही नाहीत. त्यांनी फायलीतून रजेचा अर्ज काढला, त्याचे चार सारखे तुकडे केले आणि अहवालावर सही ठोकली. साहेबांनी लेखापालांना मिठी मारली. "तुमच्या घरून एवढं सहकार्य मिळेल असं वाटलं नव्हतं हो!" ते म्हणाले. विक्रीप्रमुखांनी पेढ्यांऐवजी सर्वांना एकेक कोयंडा वाटला. लेखापालांनी आपला घेतला, जागेवर जाऊन बसले आणि पुढच्या सहामाहीचे रकाने आखू लागले. टोपी त्यांनी काढलीच नव्हती, पण आनंदाच्या भरात ते कुणाच्या लक्षात आले नाही.

कंपनीचा अहवाल त्या वर्षीचा सर्वांत पारदर्शक अंतरिम अहवाल म्हणून गौरवला गेला. त्याचा परिणाम असा, की मानक क्रमांक एकशे सतरा आता घरगुती पातळीवरही लागू होत आहे. तरी हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपापले आईवडील, मुले, बहीणभाऊ, जोडीदार आणि जुने मित्र यांना शिल्लक-पुष्टी पत्रे पाठवायची आहेत. आकडा फुगेल म्हणून घाबरू नये. आजवर आलेली बहुतेक उत्तरे शून्यच आहेत, आणि तुमचाही हिशेब चोख जुळेल.