थोरलीचा चीक दोषी ठरतो

दुग्धालयातली थोरली नावाची गाय आजारी आहे, हे आंधळ्यालाही कळलं असतं. आतड्यात जुनाट जंतू, हगवण थांबता थांबत नव्हती, बरगड्या लांबून मोजाव्यात. पण नियमानुसार आजार रक्तात दिसावा लागतो, आणि व्यायच्या तोंडावर काढलेल्या रक्तात तो दिसला नाही. व्यवस्थापकसाहेबांनी तात्काळ तिच्या गळ्यात ‘निरोगी’ अशी पाटी अडकवली.

“अहो साहेब,” गुरांच्या डॉक्टरबाई कळवळून म्हणाल्या, “आपण रक्तात शोधतो ती जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं. ती या दिवसांत रक्तातून चिकात उतरतात. म्हणून रक्तात काही सापडत नाही. जंतू आहेत तिथेच आहेत! व्याल्यावर काही आठवडे जाऊ द्या, परत तपासू.”

“निरोगी गाईच्या फेरतपासणीची तरतूद नाही.” मग साहेबांचे डोळे चमकले. “म्हणजे बाई, या दिवसांत तपासलं तर सगळ्याच गाई निरोगी?”

हात दाखवून अवलक्षण! बाईंनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. यापुढे प्रत्येक गाय फक्त व्यायच्या तोंडावर तपासावी आणि जुने निकाल रद्द समजावेत, असा ठराव झाला. खंगलेल्या गाई कागदोपत्री धष्टपुष्ट झाल्या. आजारी गाईंचा वेगळा गोठा ओस पडला, तेव्हा तिथे साहेबांनी बैठकीची खोली केली.

तेवढ्यात थोरली व्याली. गोड कालवड झाली, टकमका बघणारी. बाईंचा जीव तिच्यात अडकला. आईचा चीक प्यायली असती, तर जन्माचं दुखणं मागे लागलं असतं पोरीच्या.

“साहेब, हिला दुसऱ्या धडधाकट गाईचा चीक पाजू या.”

“निरोगी आईचा चीक नाकारायचा? कारण काय दाखवू?”

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी सरळ चीकच तपासायला धाडला. दोन तासांत निकाल आला : प्रतिपिंडंच प्रतिपिंडं. साहेबांनी बराच वेळ कपाळ चोळलं.

“याचा अर्थ उघड आहे,” ते शेवटी म्हणाले. “गाय निरोगी आहे. आजारी आहे तो चीक. चिकावर कडक कारवाई करा!”

चीक ओतून देण्यात आला. कालवड दुसऱ्या गाईचा चीक चुटूचुटू प्यायली. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी साहेबांपुढे बिस्किटांचा पुडाच धरला.

“छे, छे! उद्या माझी साखर तपासायची आहे. म्हणून गेला आठवडाभर गोड बंद ठेवलंय.”

“आणि निकाल चांगला आला, की?”

“मग काय, आणा की पुडा!”

बाई पोट धरधरून हसल्या. तुम्हीही हसलात ना? हसा, खुशाल हसा. फक्त परवा वजनकाट्यावर चढताना चपला, पट्टा नि मोबाइल काढून ठेवून वर श्वास का रोखून धरलात, तेवढं सांगा.