बजरंगनं पोरं धरायची नाहीत

डॉक्टर शिवप्रसाद यांच्या नांदेडच्या दातांच्या दवाखान्यात बजरंगला एक काम झकास जमायचं, ते म्हणजे पोरं धरणं. खुर्चीतलं पोर कितीही हातपाय झाडो, बजरंगनं धरलं की हालचाल बंद. आईबाप त्याला दुवा देत. पोरं मात्र तो बाजारात दिसला की रस्ता बदलत.

अशा सुखाच्या नोकरीत लातूरचं प्रशिक्षण आडवं आलं. दवाखान्यात लहान मुलांशी कसं वागावं, हे तिथल्या मॅडमनी दिवसभर समजावलं. दाबून धरायचं नाही, धमकवायचं नाही, आधी सगळं नीट सांगायचं, आणि पोरानं हात वर केला की थांबायचं. परतताना डॉक्टरांनी गाडीतच बजावलं, "आता एखाद्या पोराला दाबून धरलंस, तर त्याच दिवशी घरी." न धरता मग पगार कशाचा मिळणार, हे विचारायची बजरंगला हिंमत झाली नाही. त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलीच आली उमरीची सृष्टी. वय सहा. दुधाचा दात पडता पडत नव्हता आणि मागून नवा डोकावत होता. सोबत आजी, केवळाबाई.

"गप बस, न्हाई तर हे काका पोत्यात घालून नेतेत बघ," केवळाबाईंनी दारातच सांगून टाकलं.

"आज्जी, धमकवायचं नसतंय," बजरंग चाचरत म्हणाला.

"मंग काय आरती करू?"

डॉक्टरांनी सृष्टीला चिमटा दाखवला, मलम दाखवलं. "तू हो म्हणलीस तरच काढू. थांबावं वाटलं की हात वर कर."

"पोरीला इचारून?" केवळाबाईंनी कपाळावर हात मारला. "हिला इचारून तर आमी शाळेत बी धाडत न्हाई!"

डॉक्टरांनी चिमटा उचलला. सृष्टीनं हात वर केला. डॉक्टर थांबले. पुन्हा चिमटा, पुन्हा हात. एवढा मोठा माणूस आपल्या हातासरशी थांबतो हे कळल्यावर पोरगी खुशीतच आली. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बजरंगकडे. धर म्हणतात की धरून तर बघ म्हणतात, हे बजरंगला कळेना.

"धर की रे बाबा! देवानं हात कशाला दिलेत?" केवळाबाई कडाडल्या. "हो बाजूला, मीच धरते!"

पदर खोचून त्या पुढं आल्या. बजरंग मध्ये उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागं गच्च बांधून. इकडे आड, तिकडे विहीर. त्याला दरदरून घाम फुटला आणि ओठ थरथरायला लागले.

"काका, तुमचा बी दात काढून राहिलेत?" सृष्टीनं विचारलं.

"न्हाई गं बाई."

"मंग काहून भिऊन राहिले?"

"माझी नोकरी जाती," बजरंगच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

सृष्टीनं डॉक्टरांच्या चिमट्याकडे पाहिलं. "मी दात काढू दिला तर?"

"तर न्हाई जाणार. बहुतेक."

"आज्जी, तू गप. काका लई भेलेत." तिनं बजरंगचा हात पाठीमागून ओढून घेतला, घट्ट धरला आणि तोंड उघडलं. दात कधी निघाला हे बजरंगला कळलंच नाही, कारण त्यानं डोळे मिटले होते.

केवळाबाई नातीला घेऊन गेल्यावर डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "तू पोरीला धरलं नाहीस, तिनं तुला धरलं. नियमात बसलं! बजरंग, आता हेच तुझं काम. पोराशेजारी उभं राहायचं आणि असंच भ्यायचं. जमलं तर नोकरी पक्की."

बजरंगचा जीव भांड्यात पडला. इतक्यात कंधारचं एक पोरगं रडत आत आलं. बजरंग लगबगीनं खुर्चीशेजारी उभा राहिला आणि भ्यायला लागला. पण भीती काही येईना. नोकरी वाचल्याच्या आनंदानं चेहरा नुसता हसत होता. डॉक्टरांच्या कपाळावर आठी उमटली.

आता आपल्याला भ्यायला जमलं नाही तर? बजरंगला पुन्हा दरदरून घाम फुटला आणि ओठ थरथरायला लागले. पोरगं रडायचं थांबलं, त्यानं बजरंगकडे नीट पाहिलं आणि हळूच हात पुढं केला.