सहा वाजून चार मिनिटांची गळती

हेगेले मास्तरांच्या नव्या घरात चूल नव्हती, शेगडी नव्हती, धुराडं तर औषधालाही नव्हतं. तरी जानेवारीत बाहेर उणे अकरा असताना मास्तर घरात शर्टाच्या बाह्या दुमडून फिरत. दुमडायची तशी काही गरज नव्हती. पण रस्त्यावरून दिसायला हवं ना!

छत्तीस वर्षं मुलांना भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर माणूस गुलाब लावतो, नाहीतर गायनमंडळात नाव घालतो. मास्तरांनी घर बांधलं. हातभर जाडीच्या भिंती, तीन-तीन काचांच्या खिडक्या, छपरावर सौर पत्रे आणि तळघरात एक यंत्र. हे यंत्र घरातली शिळी हवा बाहेर घालवायचं, ताजी आत घ्यायचं आणि जाणाऱ्या हवेची ऊब काढून येणाऱ्या हवेला द्यायचं. "जाणाऱ्या पाहुण्याचा कोट उतरवून येणाऱ्याच्या अंगावर चढवायचा, इतकं सोपं आहे," असं मास्तर सांगत. हे वाक्य न ऐकलेला माणूस हिंटरलिंगेन गावात फक्त पाळण्यात सापडला असता.

समोरच्या घरातल्या एगॉन रापने ते बाराव्यांदा ऐकलं, शुक्रवारी, बिअरच्या टेबलावर. राप जुना सुतार. त्याच्या अंगणात लाकडाची रास घराच्या खांद्याला लागलेली आणि घरात बैलाएवढी शेगडी.

"थर्मासमध्ये राहायला गेलास म्हणे," राप म्हणाला.

"थर्मास नाही. विज्ञान."

"मग विज्ञानाला विचार, पायमोजे काढू का म्हणून."

टेबल हसलं. मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. "मेणबत्त्यांच्या सणाच्या आत, म्हणजे दोन फेब्रुवारीच्या आत, सलग सात दिवस माझ्या घराचा पारा विसाच्या खाली जाणार नाही. एक काडीही न जाळता! लाव पैज."

"लावली. जिंकलास तर वर्षभर तुझ्या दारचा रस्ता मी झाडीन. बर्फासकट. हरलास तर माझ्या दारचा तू."

टेबलावरच्या सगळ्यांनी ग्लास खाली ठेवले. हिंटरलिंगेनमध्ये झाडू ही थट्टेची वस्तू नाही. शनिवारी दारापुढचा रस्ता झाडलेला दिसला नाही तर लोक तब्येतीची चौकशी करायला येतात. बर्फ पडल्यावर सकाळी सातच्या आत वाट मोकळी दिसली नाही तर चौकशीलाही येत नाहीत. आणि दुसऱ्याच्या दारात झाडू मारणारा गृहस्थ गावाने अजून पाहिलेला नव्हता. मास्तर खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर घरातल्या पाऱ्याचा आलेख पाहिला. रात्रभर रेघ सरळ, आखल्यासारखी. मग सहा वाजून चार मिनिटांनी वरच्या मजल्याच्या बोळात खड्डा! साडेवीसवरून थेट सोळा. दहा मिनिटांनी रेघ पुन्हा वर चढायला लागली होती, जणू काही झालंच नाही.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. वेळ तीच, सहा वाजून चार मिनिटं.

संशय घ्यायला घरात एक व्यक्ती होती. वाल्बुर्गाबाई, मास्तरांच्या सासूबाई, वय चौऱ्याऐंशी. शरद ऋतूत त्या मुलीकडे कायमच्या राहायला आल्या होत्या आणि आल्या दिवसापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, की या घराला श्वास नाही. सकाळी उठून खिडक्या सताड उघडायच्या आणि दहा मिनिटं घराला वारा पाजायचा, हा त्यांचा जन्माचा नेम. तसा तो सगळ्या देशाचाच नेम आहे. बाळ रडलं, उघडा खिडकी. सूप करपलं, उघडा खिडकी. आणि दहा मिनिटांनी, झुळूक लागून मान आखडेल म्हणून करा बंद. मास्तर स्वतः साठ वर्षं याच नेमात वाढले होते. पण ते विज्ञानाच्या आधीचं.

"आई, पहाटे बोळातली खिडकी तुम्ही उघडता का?"

"नाही." वाल्बुर्गाबाईंनी विणकामावरून मान वर केली नाही.

"मग कोण उघडतं?"

"जावईबापू, आमच्या माहेरी दोन गोष्टी वर्ज्य होत्या. शिळी हवा आणि चहाडी. तुमच्या घरी येऊन पहिली चालवून घेतेय. दुसरी नाही चालवणार."

या उत्तराच्या पहिल्या अर्ध्याचा मास्तरांना इतका राग आला, की दुसरा अर्धा त्यांनी ऐकलाच नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी घरातल्या सातही खिडक्या उघडायच्या मुठी काढून घेतल्या. आता या मुठी ठेवायच्या कुठे? कपाटाला किल्ली आहे, पण किल्लीची जागा बायकोला, रोझविटाला ठाऊक, आणि रोझविटा शेवटी आईचीच मुलगी. म्हणून मास्तरांनी सगळ्या मुठी आपल्या जुन्या निळ्या झग्याच्या खिशात टाकल्या आणि झगा पलंगाशेजारच्या खुंटीला टांगला. पहाटे संडासाला जाताना झगा अंगात, म्हणजे मुठी अंगावर. याहून सुरक्षित जागा बँकेतही नसेल!

सकाळी आलेखात खड्डा. सहा वाजून चार मिनिटं.

"दुसरी मूठ आहे त्यांच्याकडे," मास्तर बायकोला म्हणाले.

"कुणाकडे?"

"तुला माहीत आहे कुणाकडे."

रोझविटाने ब्रेड कापायची सुरी खाली ठेवली. "एबरहार्ट, माझ्या आईने आयुष्यात एक पेन्सिलसुद्धा ढापलेली नाही."

"मी पेन्सिलीबद्दल बोलत नाही."

दुपारी सासूबाई चर्चमध्ये मिस्साला गेल्या असताना मास्तरांनी त्यांची पेटी उघडली. प्रार्थनेचं पुस्तक, लोकरीचे गुंडे, चेरीच्या दारूची छोटी बाटली आणि मास्तरांच्या लग्नातला फोटो. मूठ नाही. ते फोटो परत ठेवत होते तोच दारात वाल्बुर्गाबाई दिसल्या. पाद्रीबुवांना खोकला झाला होता, मिस्सा लवकर आटपली होती.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लोकरीचे गुंडे एकेक करून रंगाप्रमाणे परत लावून ठेवले आणि म्हणाल्या, "रोझविटा, उल्मला तुझ्या बहिणीला, हिल्डेला फोन लाव. तिच्याकडे खिडक्या उघडतात."

"आई गेली तर मीही जाईन," रोझविटा मास्तरांना म्हणाली, "आणि तोवर तुझी कॉफी तू करून घे."

त्या रात्री मास्तरांनी थंड बटाटे खाल्ले. पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की आपलं चुकत असेल तर? विचार भयंकर होता. त्यांनी तो ताबडतोब भिंतीवर ढकलला. गळती भिंतीतच असणार!

दोन दिवस त्यांनी बोळातली भिंत फोडली. नव्या कोऱ्या गिलाव्याखाली नवा कोरा थर, त्याखाली जाड कापूस, आणि कापसाखाली त्यांनीच बांधकामाच्या वेळी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं: 'उत्तम'. बोळात गिलाव्याची भुकटी गुडघाभर साचली. घराने मात्र एक फटही दाखवली नाही.

मग मास्तर खुर्ची घेऊन बोळात पहाऱ्याला बसले. डोळ्यात तेल घालून! पहिल्या पहाटे रेघ सरळ. दुसऱ्या पहाटेही सरळ. मास्तरांची छाती फुगली. तिसऱ्या दिवशी मात्र वय आडवं आलं, ते जे पलंगावर पडले ते थेट साडेसहाला उठले. आलेखात खड्डा.

"म्हणजे मी जागा असलो की गळत नाही," मास्तर टिपणवहीत लिहीत म्हणाले, "आणि झोपलो की गळतं."

"मग घाबरत असेल तुला," रोझविटा म्हणाली.

"भौतिकशास्त्रात घाबरणं नसतं, रोझविटा."

पंचवीस जानेवारी उजाडली. सव्वीसपासून सलग सात दिवस साधले तरच पैज हाती लागणार होती. मास्तरांनी शेवटचा उपाय केला. जिल्ह्याहून तपासनीस बोलावली. आयदिनबाई नावाची तरुण मुलगी, गाडीतून एक भला मोठा पंखा घेऊन आली. तिने तो पुढच्या दारात घट्ट बसवला, घरातली हवा ओढून काढली आणि कुठून आत शिरते ते यंत्रावर पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"मास्तर, मी दहा वर्षं घरं तपासतेय. इतकं घट्ट घर पाहिलं नाही. इथे मुंगी शिरायची तर तिला बेल वाजवावी लागेल."

"मग रोज सहा वाजून चार मिनिटांनी काय होतं?"

आयदिनबाईने टिपणवही वाचली. झोपण्या-जागण्याचं पान तिने दोनदा वाचलं. मग मुठींच्या वजनाने खिशाशी लोंबणाऱ्या मास्तरांच्या झग्याकडे पाहिलं, आणि फार सौम्यपणे म्हणाली, "उद्या तुम्ही झोपा. आम्ही बसतो पहाऱ्याला."

"साक्षीदार हवा," मास्तर म्हणाले. "रापलाही बोलवा. उद्या त्याच्या डोळ्यांदेखत चोर पकडला जाऊ दे!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

सव्वीस तारखेच्या पहाटे मास्तर गाढ झोपेत होते. मग रोजच्यासारखी अर्धी जाग आली. चष्मा नाही, डोळे अर्धे मिटलेले. झगा अंगात गेला, पाय सपातांत गेले. बोळातून जाताना हात आपोआप खिशात गेला, खिशातून वर आला, काहीतरी बसवलं, काहीतरी फिरवलं. गार, स्वच्छ हवा तोंडावर आली. मास्तरांना फार बरं वाटलं. त्यांनी समोरच्या घराकडे पाहून सवयीने हात हलवला.

समोरच्या घरात दिवा होता. पण रोज उत्तरादाखल हात हलवणारा माणूस आज नव्हता. काहीतरी चुकतंय, असं मास्तरांना झोपेतच वाटलं.

"आज राप कुठे गेला?" ते पुटपुटले.

"इथेच आहे," मागून राप म्हणाला.

मास्तर वळले. बोळात तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवर राप, एकीवर आयदिनबाई, एकीवर शाल पांघरलेल्या वाल्बुर्गाबाई, मांडीवर कॉफीचं तबक. रोझविटा जिन्यात उभी होती, तोंडावर हात ठेवून. आयदिनबाईने घड्याळ पाहिलं.

"सहा वाजून चार मिनिटं," ती म्हणाली.

मास्तरांनी हातातल्या मुठीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत असल्यासारखी वाटली.

"तुला... तुला माहीत होतं?" त्यांनी रापला विचारलं.

"मला काय माहीत? तू रोज खिडकी उघडतोस, हात हलवतोस. मला वाटलं, शहाणा झालास." राप थोडा घुटमळला. "मला तर आवडायला लागलं होतं रे ते."

"आणि आई, तुम्हाला?"

"मी साडेपाचला उठते," वाल्बुर्गाबाई म्हणाल्या. "घरचा मालक आपल्या घरची खिडकी उघडतो. मी कशाला सांगू? मला तेवढाच श्वास मिळत होता. काखेत कळसा घेऊन तुम्ही माझी पेटी उचकत होतात, जावईबापू."

आयदिनबाईने कागद काढला. "घरात दोष नाही. अहवालात कारण काय लिहू?"

"लिहा," मास्तर म्हणाले, "मालक."

मास्तरांना शरम वाटली. पैजेची नव्हे, पैज तर गेलीच होती. लोकरीचे गुंडे रंगाप्रमाणे लावणारे ते म्हातारे हात त्यांना आठवत होते. ते तसेच झग्यात, फोडलेल्या भिंतीशेजारी, सासूबाईंसमोर उभे राहिले.

"आई, चुकलो. फार चुकलो. उल्मला जाऊ नका."

वाल्बुर्गाबाईंनी मांडीवरचं तबक बाजूला ठेवलं. "आधी खिडकी बंद करा," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं झाली. मान आखडेल."

मास्तरांनी खिडकी लावली, मूठ काढली आणि ती खिशात न टाकता सासूबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी ती विणकामाच्या पिशवीत टाकली, आणि उल्मचं नाव पुन्हा निघालं नाही. रोझविटाने त्या दिवशी कॉफी केली, सगळ्यांना. रापने तीन कप घेतले आणि निरोप घेताना विचारलं, "झाडू तुझा आणशील, की माझा देऊ?"

फेब्रुवारीत बर्फ पडला, तो चांगला गुडघाभर. पावणेसहापासून मास्तर रापच्या दारात फावडं मारत होते. हाताला फोड आले होते, पण मनात एक समाधान होतं. गळती आता घराबाहेर उभी होती. म्हणजे आजपासून आलेखात रेघ सरळ जाणार, आखल्यासारखी! राप खिडकीशी कॉफी पीत उभा होता. मास्तरांनी त्याला हात हलवला, त्यानेही हलवला.

तेवढ्यात वर मास्तरांच्याच घराच्या बोळातली खिडकी सताड उघडली. शाल पांघरलेल्या वाल्बुर्गाबाई बाहेर वाकल्या आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मास्तरांनी घड्याळ पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"जावईबापू!" सगळा रस्ता जागा होईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "डाव्या कोपऱ्यात राहिलंय!"