दोन नंबरचं वारूळ

तर बाळांनो, एका जंगलात लिनक्स नावाचं एक वारूळ होतं. मालक कुणीच नाही. ज्याला हवं त्याने राहावं, ज्याला जमेल त्याने डागडुजी करावी. जमायचं एकट्या गोदाक्का कुंभारमाशीला. बाकीचे सूचना करायचे.

वारूळ होतं भलतंच चमत्कारिक. आत पन्नास खोल्या, पण प्रत्येक भाडेकरूला वाटे, अख्खं वारूळ माझंच. याला आभासी घर म्हणतात. हसू नका, मोठमोठी माणसं यावर पोट भरतात.

खोट एकच होती. वारुळाची आठवण कच्ची. भाडेकरू खोली सोडून गेला तरी वारूळ ते विसरायचं, आणि त्याच्यासाठी मागच्या भिंतीत एक भोक उघडं ठेवायचं. कोपऱ्यातल्या खोलीत आधी एक धामण राहायची. ती गेली आणि तिथे सखूबाई उंदरीण आली. सोबत पाच पिल्लं, डोळेही न उघडलेली. एके दुपारी भोकातून धामणीचं डोकं आत आलं. सखूबाई अशी काही किंचाळली, की धामणच दचकून मागे सरकली.

"अगं बाई, पोरं वाचली हेच नशीब!" गोदाक्का म्हणाली. तिने चार दिवस चिखल वाहिला आणि पन्नासच्या पन्नास भोकं लिंपून टाकली. याला पॅच म्हणतात. ठिगळ म्हटलं की कुणी मान देत नाही.

वारूळ दुसऱ्या आवृत्तीचं होतं, म्हणून दारावर '२' लिहिलेला. तो तिने तसाच ठेवला. वारूळ तेच होतं, भोक तेवढं बुजलं होतं.

शेजारीही अगदी असंच वारूळ होतं. त्याचे कारभारी सरडेराव. त्यांनी भोकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गेरू कालवला, दारावर ठळक '३' काढला आणि उन्हात जाऊन पडले.

मग तपासणीला बगळेसाहेब आले. काखेत यादी.

"दोन. असुरक्षित. तीनपासून पुढे सुरक्षित, असं यादीत आहे."

"साहेब, भोकं बुजवलीत. चोच घालून बघा ना."

"चोच घालायचा रकाना नाही."

"अहो, पण..."

"बाई, वाद नको. आत्ताच्या आत्ता भाडेकरू शेजारी हलवा. तिथे तीन आहे."

"शेजारी भोकं तशीच आहेत हो! धामण पोरं गिळेल!"

"तीनमध्ये भोक नसतं," साहेब शांतपणे म्हणाले आणि शिक्का शोधू लागले.

सखूबाईने रडत रडत पहिलं पिल्लू तोंडात धरलं. ते बघून गोदाक्काचं डोकंच फिरलं. सरडेरावांचा उरलेला गेरू तिने उचलला आणि भरभर दारावरच्या '२'चा '३' करून टाकला.

साहेबांनी मान वर केली. "वा! झालं की काम! मनावर घेतलं की होतं, बघा." आणि शिक्का मारला. सखूबाईने पिल्लू खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धामण आली. तिला वाचता येत नव्हतं. त्यामुळे ती आकडे सोडून थेट भोकंच तपासायची. जंगलात असं करणारी ती एकटीच. गोदाक्काच्या चिखलावर तिचं नाक आपटलं, तशी ती शेजारी गेली. तिथले अकरा बेडूक संपले.

बगळेसाहेबांनी अहवाल लिहिला. 'तीन नंबरमध्ये काही घडू शकत नाही. सबब बेडूक बाहेरगावी गेले असावेत.'

गोदाक्काला राहवेना. ओल्या चिखलाचा गोळा घेऊन ती शेजारच्या भिंतीशी गेली. साहेबांनी पंख पसरून तिला अडवलं.

"खबरदार! सुरक्षित वारुळाला हात लावायचा नाही!"

आत बेडकांचं एक नवं कुटुंब सामान लावत होतं.

तात्पर्य : आधी आकडा रंगवावा. वेळ उरलाच तर भोक बुजवावं. तपासायला येणाऱ्यांना वाचता येतं. गिळायला येणारे अडाणी असतात, आणि त्यांचा अभिप्राय कुणी मागत नाही.