आमच्यावर सोडा

गिऱ्हाइकाला निवड करायला लावणं म्हणजे निव्वळ छळ, असं माझं ठाम मत होतं. शर्टांवर हवं ते छापून देणारं आमचं ऑनलाइन दुकान आहे. छापते बायको, वेबसाइट माझ्याकडे. तिथे स्क्रीन, ट्रान्सफर, सब्लिमेशन आणि भरतकाम असे चार पर्याय होते आणि ते वाचूनच निम्मी माणसं पळून जायची. मी चारही उडवले आणि एकच बटण ठेवलं: 'आमच्यावर सोडा'.

"आमच्यावर म्हणजे कोणावर?" बायकोने विचारलं.

"तुझ्यावर."

ती पिशवी भरून बहिणीकडे राहायला गेली.

पहिली ऑर्डर एका आजींची आली. त्यांनी गेलेल्या नवऱ्याचा पांढरा सुती शर्ट कुरिअरने पाठवला होता, सोबत आजोबांचा फोटो. जाड चष्मा, भरघोस मिशी, डाव्या गालावर तीळ.

"चेहरा नीट येऊ दे रे," आजी फोनवर म्हणाल्या. "हल्ली मला तो आठवेनासा झालाय. भीती वाटते."

"काळजीच सोडा, आजी!"

मी सब्लिमेशन निवडलं. चित्र कागदावर छापायचं, कागद शर्टावर ठेवायचा, वरून गरम प्रेस दाबायचा. इस्त्री येते त्याला हे येतंच. पक्कं बसावं म्हणून मी दोनदा दाबलं. आजोबा असे काही उतरले की पार्सल बांधताना मी त्यांची नजर चुकवली. मग त्याच प्रेसवर एका कारखान्याच्या फुटबॉल टीमचे शर्ट काढले आणि पाठवून दिले.

चार दिवसांनी टीमच्या कॅप्टनचा फोन आला.

"शर्टांवर माणूस आहे."

"कुठला माणूस?"

"ते तुम्ही सांगायचं. पाठीवर आहे. उन्हात गेलं की दिसतो."

तो सगळे शर्ट परत घेऊन आला, एक सोडून. गोलकीपर द्यायला तयार नव्हता. मागे कोणीतरी उभं असलं की बरं वाटतं, असं त्याचं म्हणणं.

मी शर्ट खिडकीपाशी दोरीवर टांगले. प्रत्येक पाठीवर तेच आजोबा. पहिल्यावर मिशीसकट, पुढच्यावर जरा पुसट, त्याच्या पुढच्यावर आणखी पुसट, जणू कोणी पाठमोरं न होता लांब चाललंय. शेवटच्यावर फक्त चष्मा होता. बाकीच्यांवर तीळ मात्र उजव्या गालावर गेला होता. पंखा फिरला की सगळे एकदम माझ्याकडे वळायचे. मी पंखा बंद केला. ते वळायचे थांबले, पण पाहायचे थांबले नाहीत.

तेवढ्यात आजींचा फोन.

"शर्ट धुतला रे," त्या हळूच म्हणाल्या, "आणि ते गेले."

ते कुठे गेलेत हे मला माहीत होतं, पण सांगायची छाती झाली नाही. मी बायकोला बोलावून घेतलं. तिने शर्ट पाहिले, प्रेस पाहिला.

"प्रेसच्या खालच्या गादीवर कागद घातला होतास?"

"कसला कागद?"

तिने डोळे मिटले. "सुती कापडावर हा रंग टिकत नाही, धुतला की जातो. तुझा रंग खाली गादीत उतरला आणि गादीतून ह्या शर्टांच्या पाठीला उलटा लागला. हे पॉलिएस्टर आहे. इथून तो हलायचा नाही."

"म्हणजे भुताटकी नाही?"

"नाही. तू आहेस."

दुसऱ्या दिवशी आजी स्वतःच आल्या. कोरा पडलेला शर्ट त्यांनी छातीशी धरला होता. नीट छापून देते, असं बायको सांगत होती, पण आजींचं लक्ष दोरीकडे गेलं. मी मधे उभा राहून शर्ट झाकायचा प्रयत्न केला. त्यांनी मला बाजूला केलं.

त्या थेट दोरीपाशी जाऊन बघत राहिल्या.

"दाढी करताना आरशात असेच दिसायचे," त्या म्हणाल्या. "मी मागे टॉवेल घेऊन उभी असायचे. हाच तो चेहरा. फोटोत नव्हताच."

मला वाटलं, एखादा शर्ट नेतील. त्यांनी एकेक करत सगळे उतरवले आणि नीट घड्या घालून पिशवीत ठेवले, चष्मा तेवढा उरला होता तोसुद्धा.

"चला आता," त्या पिशवीला दटावत म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरी गेलात की उठायचं नाव घेत नाही तुम्ही."

मी धावत जाऊन दार उघडलं, आणि दोघांना जाता येईल एवढं उघडं धरलं.