विमान उतरवणारा जावई

गौरेशचं लग्न जमत आलं होतं आणि तेवढ्यात मध्ये विमान आलं.

पार्से गावच्या पद्मावतीबायचा हा एकुलता एक मुलगा मोपाच्या विमानतळावर रडारच्या यंत्रांची देखभाल करायचा. उतरायला येणारं विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, हे ते यंत्र आतल्या माणसांना दाखवतं. ती माणसं वैमानिकाशी बोलतात. आणि यंत्राला काही होऊ नये म्हणून गौरेश त्याची नाडी बघत बसतो. आईला त्याने हे कितीदा तरी समजावलं होतं. पण मासळी घेता घेता एवढं लांबण कोणाला सांगणार? पद्मावतीबायने त्याचं सार काढलं होतं.

"माझो गौरेश विमानां उतरयता!"

सार सुटसुटीत होतं, त्यामुळे भराभर पसरलं. ते डिचोलीच्या शांतारामबाबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी आपणहून धाकट्या लेकीची, सेजलची, पत्रिका पाठवली. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडले, रविवारी घर बघायला यायचं ठरलं. शांतारामबाब आगगाडीने थोरल्या लेकीकडे हैदराबादला गेले होते. ते विमानाने मोपाला उतरून थेट पार्स्याला यायचे होते, आणि बायको जानकी व सेजल डिचोलीहून गाडीने.

शनिवारी त्यांचा फोन आला. "विहीणबाय, जन्मात कधी विमानात बसाक नाय. माका भय दिसता."

"भियां नकात! गौरेश स्वतः बसतलो रडाराकडे. फुलासारखे खाली आणतलो तुमकां."

गौरेश समोरच बसून चहात पाव बुडवत होता. त्याचा पाव कपात पडला.

"आई, उद्या माझी सुट्टी असा! घर बघूक येतत म्हणान घेतलंय मां?"

"मगे काय सांगू त्यांका? येवा आणि पडा म्हणान?"

रविवारी सकाळी गौरेश आंघोळ करून बनियनवर शर्ट शोधत होता, तोच दारात गाडी थांबली. मायलेकी ठरल्यापेक्षा लवकर आल्या होत्या. पद्मावतीबायने लेकाचा दंड धरला आणि मागच्या दाराने त्याला सरपणाच्या खोपीत ढकललं.

"विमान उतरल्याबगर भायर येव नको!"

खोपीची भिंत म्हणजे विणलेल्या झावळ्या. तिच्यातून अंगण दिसत होतं आणि शब्द न शब्द ऐकू येत होता.

"गौरेश खय गेलो?" जानकीने विचारलं.

"ड्युटीर. तुमच्याच घोवाक उतरयता."

जानकीने कृतज्ञतेने हात जोडले आणि खुर्ची अंगणात ओढून ती मोपाच्या बाजूला तोंड करून बसली. थोड्या वेळाने विमान दिसलं. चाकं बाहेर काढून ते सड्याच्या माळावर उतरू लागलं. माडांच्या शेंड्यांइतकं खाली आलं, आणि एकाएकी नाक वर करून, मोठ्याने घोंघावत पुन्हा आभाळात गेलं.

"अगो बाय, वर गेला!" जानकी ताडकन उठली. "आतां काय केल्यान गौरेशान?"

खोपीत गौरेशने कपाळावर हात मारला. अंगणातून आईचा आवाज आला.

"पयलीच खेप मां शांतारामबाबांची! मीच सांगितलंय, सोयरे येतत, एकदां गांव दाखय, मगे उतरय."

गौरेशला हसू आलं, ते त्याने दाबलं, आणि त्याचं शिंकेत रूपांतर झालं. सेजल हात धुवायला म्हणून मागे आली होती. तिने खोपीत डोकं घातलं. लाकडांच्या राशीवर बनियनमधला तरुण बसला होता आणि त्याच्या केसांत कोळ्याचं जाळं होतं.

"तुमी गौरेश?" ती हळूच म्हणाली. "मगे थंय माझ्या पप्पांक कोण उतरयता?"

"रोज उतरयतत तेच. मी नुसती मशीन सांभाळतंय." फोटोत हसरी दिसलेली ही मुलगी आता रडकुंडीला आली आहे, हे त्याला दिसलं. त्याने मोबाइलवर विमानाचा ठिपका दाखवला. "भियां नको. रनवे मोकळो नसलो तर पायलट परत वर घेता आणि फिरान येता. असा होता कधी कधी. बघ, वळला."

सेजल शेजारच्या ओंडक्यावर टेकली. ठिपका वळला, सरळ झाला, खाली आला आणि थांबला. तिने सोडलेला श्वास त्याच्या कानाला लागला.

"तुमच्या आवयक काय सांगणंय नाय मी," उठता उठता ती म्हणाली, "पण गांव दाखवचा माका भारी आवडला."

तासाभराने टॅक्सी आली, तेव्हाही गौरेश खोपीतच होता; बनियनवर ड्युटीवरून आलो कसं म्हणणार? शांतारामबाब उतरले ते गरजतच.

"खय असा तो? आमकां खालसून परत वर धाडणारो?"

पद्मावतीबायचं तोंड उघडं राहिलं. तो होता म्हणावं तर त्यानेच वर धाडलं, नव्हता म्हणावं तर आपण खोट्या. आईची ती अवस्था गौरेशला बघवेना. तो तसाच, बनियनवर, जाळ्यासकट बाहेर आला.

"मी नाय धाडूक," तो म्हणाला. "मी विमान उतरयत नाय. मशीन बिघडली तर दुरुस्त करतंय, इतक्याच. आज तर सुट्टीर असंय. आईन कौतुकान सांगल्यान, माफ करा."

शांतारामबाब मटकन खुर्चीवर बसले.

"मारलास माका," ते पुटपुटले. "रनवेर घारींचो थवो इलो म्हणान आमकां वर घेतले. सगळे देवाचा नांव घेवक लागले. मी बसल्या जाग्यार बोंब मारलंय, भियां नकात, खाली माझो जावंय बसला! उतरल्यार लोक माझो हात धरूक लागले. एका म्हातारेन तर पायांक हात लायल्यान. फोटो काढल्यानी माझे!"

"जावंय म्हणान सांगलास?" जानकीने विचारलं. "अजून घर बघूक नाय आमी!"

"टॅक्सीवाल्याकय सांगलंय. तो आपल्या डिचोलीचोच निघालो. एव्हानां बाजारभर झाला आसतला." त्यांनी गौरेशला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आतां सोयरीक मोडून मी तोंड खय दाखवू?"

सेजल पायाच्या अंगठ्याकडे बघत हसू गिळत होती.

"तुझी मशीन बंद पडली," शांतारामबाबांनी आशेने विचारलं, "तर विमान उतरता?"

"उतरता. तशी दुसरी सोय..."

"पुरे!" त्यांनी हात वर केला. "फुडला सांगू नको." मग ते पद्मावतीबायकडे वळले. "विहीणबाय, तुमी सांगलास तांच बरोबर. आमी तांच धरून चलूया."

पद्मावतीबायने पदराने डोळे पुसले आणि ती पानं मांडायला आत पळाली. जेवताना शांतारामबाब घारींची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, आणि या खेपेला त्या घारी जावयानेच पहिल्यांदा बघितल्या होत्या. गौरेशने काही बोलायला तोंड उघडलं. सेजलने नारळाच्या रसातल्या शिरवळ्यांचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.