वैजनाथअप्पांचं विमानतळ

वैजनाथअप्पा विमानतळाबद्दल बोलताना नेहमी ‘आम्ही’ म्हणतात. “औंदा आम्ही धावपट्टी वाढवायलाव.” “छतावर आम्ही सोलार बसवलाव.” “पावसाचं पाणी आम्ही वाया जाऊ देत न्हाव.” भालकीच्या बसस्टँडवर चहा पिता पिता ते असं काही बोलू लागले, की उदगीरच्या गाडीची वाट बघणारा परका माणूस हातातला कप खाली ठेवून त्यांच्याकडं नीट बघतो. धोतर, बंडी, खांद्यावर टॉवेल, आणि एवढी मोठी कंपनी चालवतोय म्हणजे कमाल आहे, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं.

कंपनीत पगारी नोकर आहे तो मी. आमचं विमानतळ जे लोक चालवतात, त्यांच्या पर्यावरण विभागात मी काम करतो. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि मागची रोपवाटिका. अप्पांचा कंपनीशी संबंध एवढाच, की त्यांचं शेत आमच्या भिंतीला लागून होतं. पण भिंतीपलीकडून त्यांनी आमच्यावर जेवढी देखरेख केली, तेवढी आमच्या साहेबांनी कधी केली नाही.

आमच्याकडं तेव्हा बंगळूरचं एक पंख्याचं छोटं विमान यायचं. ते यायच्या वेळेला अप्पा हातातलं काम टाकून बांधावर उभे राहायचे. उशीर झाला, की भिंतीवरून मला हाक. “कामून आलं न्हाई अजून? तिकडनं निघालंय का बघा की जरा.” मी म्हणायचो, अप्पा, धुकं असेल. तर ते रागानं बघायचे, धुकं मीच पाडल्यासारखं. विमान उतरलं की मगच त्यांची भाकरी सुटायची. मग कधी कधी हे गेटवर येऊन बाहेर पडणाऱ्या प्रवाशांना विचारायचे, “जेवलाव का वर? का नुसतंच आणलं?” सूटबूटवाला माणूस गोंधळून जायचा. आमच्या सिक्युरिटीवाल्यांनी त्यांना हटकणं कधीच सोडून दिलं होतं.

माझं आणि त्यांचं खरं भांडण झाडांवरून. इमारतीच्या विस्तारासाठी जेवढी झाडं तोडायची, त्याच्या कितीतरी पट लावायची, असा नियम. मी लावत होतो. पण विमानतळाच्या कडेला फळाचं झाड चालत नाही. फळ आलं की पाखरं येतात आणि पाखरू इंजिनात गेलं तर संपलंच सगळं. हे मी अप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, “म्हंजे झाड पायजे, पण पाखरू नको. मग प्लास्टिकचं लावा की, पाणी तरी वाचंल.” दुसऱ्या दिवशी माझ्या नव्या रोपांच्या रांगेत बोरीचं एक रोप गुपचूप उभं होतं. मी ते उपटलं. चार दिवसांनी पुन्हा एक. असा हा पाठशिवणीचा खेळ आम्ही सबंध पावसाळा खेळलो.

आणि मग ती येळवस आली. आमच्या भागातल्या माणसाला येळवस म्हणजे काय हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, त्यांना शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे, ताकातली आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा. मग ‘ओलगे, ओलगे’ अशी आरोळी देत शेताभोवती आंबील शिंपडायची, चारी दिशांना घास टाकायचे. आणि मग जो येईल त्याला जेवू घालायचं. ज्याला शेत नाही, तो दुसऱ्याच्या शेतात पाहुणा. अप्पा जन्मात कुणाचे पाहुणे झालेले नव्हते. त्यांच्याच खोपीत ही एवढी गर्दी.

त्या वर्षी अप्पांना वाटलं, आपल्या शेताभोवती शिंपडतो, तर आपल्या विमानतळाला कामून सोडायचं? त्याची पण भरभराट व्हायला पायजे. म्हणून हा गडी स्वतःच आंबिलीची घागर घेऊन भिंतीच्या कडेकडेनं निघाला. ‘ओलगे, ओलगे’ करत आंबील शिंपडली आणि टोपलीभर उंडे मोडून, हात फिरवून, भिंतीच्या आत भिरकावले. त्यानंतर तालुक्यातला एक कावळा घरी राहिला नाही. साळुंख्या, बगळे, वर दोन घारी. बंगळूरचं विमान आकाशात गोल गोल फिरायला लागलं, आमची माणसं फटाके घेऊन पाखरांमागं पळायला लागली, आणि अप्पा बांधावर उभं राहून कौतुकानं वर बघत होते. त्यांना वाटलं, विमान प्रदक्षिणा घालतंय!

साहेबांनी मला बोलावून धू धू धुतलं. मी जाऊन अप्पांना धुतलं. ते बिचारे एवढेसे झाले. विमानात किती माणसं होती, असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यानंतर बोरीचं रोप कधी आलं नाही.

पुढं धावपट्टी लांब करायचं ठरलं. आहे त्या पट्टीवर छोटीच विमानं उतरत, मोठं विमान आणायचं तर ती पूर्वेला वाढवायला हवी, आणि पूर्वेला अप्पांचं शेत. जनसुनावणीला मांडव भरला होता. अप्पा विरोध करणार, यात कुणाला शंका नव्हती. मी तर उत्तरं पाठ करून गेलो होतो. अप्पा उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, “वाढवा. लवकर वाढवा. माझं सगळं घ्या.” आणि बसले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या, मला काळजी वाटली. हा माणूस शेतावर किती जीव टाकतो, हे मी भिंतीवरून रोज बघत होतो.

संध्याकाळी मी त्यांच्या बांधावर जाऊन बसलो. विचारलं, अप्पा, असं का केलंत? ते बांधावरचं तण उपटत राहिले. मग म्हणाले, “माझा पोरगा, संतोष, दिल्लीला हाय. त्याची आई गेल्यापासून येळवसला आला न्हाई. म्हणतो, सरळ विमान न्हाई, हैदराबादला उतरा, मग गाडी, सुट्टी तिथंच सरती. मोठं विमान आलं तर येतो म्हणालाय.”

मी म्हणालो, अहो, पण तो येळवसला येणार, आणि शेतच नसलं तर?

“ते त्याला सांगू नका,” अप्पा म्हणाले. “न्हाईतर कागदावर सही करू द्यायचा न्हाई मला.”

इतके दिवस हा माणूस धावपट्टी वाढवायलाव, वाढवायलाव म्हणत गावभर फिरत होता, ते कशासाठी, हे मला तेव्हा कळलं. तसाच उठून घरी आलो आणि बायकोवर उगाच खेकसलो.

काम झालं. बांध गेला, विहीर बुजली, पट्टी लांबली. ज्या दिवशी रोलर शेवटच्या तुकड्यावर फिरला, त्या दिवशी अप्पा तालुक्याला निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते पुन्हा ‘आम्ही’ म्हणतच. यथावकाश दिल्लीचं मोठं विमान सुरू झालं. पहिली येळवस कोरडीच गेली. संतोषला मीटिंग होती. अप्पा म्हणाले, नवी नवी लाईन हाय, जम बसायला येळ लागतो. माझ्या मनात संतोषसाठी जे शब्द आले, ते इथं लिहिता येणार नाहीत.

दुसऱ्या वर्षी येळवसच्या आदल्या दिवशी अप्पा धापा टाकत आले. संतोष येतोय. आणि खोप घालायला हातभर जागा नाही! मी साहेबांकडं गेलो, हातापाया पडलो आणि माझ्या रोपवाटिकेचा कोपरा मागून घेतला. अट एकच, उंडा फक्त माणसाच्या तोंडात. अप्पांनी कान पकडून कबूल केलं.

विमान वेळेवर उतरलं. संतोष बाहेर आला, केस विरळ झालेला, वडिलांसारखाच उंच. अप्पा त्याचा हात धरून सरळ रोपवाटिकेत घेऊन आले. तो खोपीकडं बघून हसला, पांडवांच्या पाया पडला, मग इकडं तिकडं बघायला लागला.

“अप्पा, हितं कामून खोप? आपल्या शेतात जाऊ की.”

मी खाली बघून पत्रावळीवरचं मीठ सारखं करायला लागलो. अप्पांनी जाळीपलीकडच्या काळ्याभोर पट्टीकडं बोट केलं.

“आत्ता उतरलास न्हवं? आपल्याच शेतात उतरलास.”

संतोष जाळीकडं बघत उभाच राहिला. मग बूट काढून मातीत मांडी घालून बसला, आणि मान काही वर करेना. अप्पा त्याच्या पत्रावळीवर भज्जी वाढत होते. पत्रावळ भरली तरी वाढतच होते.